आधी खुराडं, मग कोंबड्या: परसात पहिल्यांदा कोंबड्या पाळताना

कोंबड्या पाळायचं ठरलं की बहुतेक लोक आधी बाजारात जाऊन पिल्लं आणतात. मग संध्याकाळ झाली की त्यांना ठेवायचं कुठे याची शोधाशोध सुरू होते. जिन्याखाली, मोरीत, आंब्याच्या रिकाम्या पेटीत. आठवड्याभरात त्यातली निम्मी मरतात आणि दोष पिल्लं विकणाऱ्याच्या माथी जातो. खरं तर परसातली कोंबडी उपासाने क्वचितच मरते. ती मरते ओलीने, गारठ्याने, नाहीतर रात्री उघड्या राहिलेल्या दाराने. या तिन्हींचा बंदोबस्त पिल्लू घरात येण्याआधी करता येतो. म्हणून या लेखात पिल्लांच्या आधी खुराड्याबद्दल वाचायला मिळेल.

हे सगळं घरच्या अंड्यांसाठी पाच-दहा कोंबड्या पाळू पाहणाऱ्यांसाठी आहे. शेकड्यांनी पक्षी ठेवून धंदा करायचा असेल तर त्याचं गणित वेगळं असतं. शहरात राहत असाल तर आधी सोसायटीचे आणि महानगरपालिकेचे नियम विचारून घ्या, आणि शेजाऱ्यांशीही बोला. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्या त्याच्याविनाही अंडी घालतात, फक्त त्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत. पहाटेच्या आरवण्यावरून भांडण व्हायचं नसेल तर नुसत्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या तरुण कोंबड्या, आणा.

किती आणि कोणत्या

हिशेब घरातल्या गरजेवरून करा. चांगली गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते. म्हणजे पाच गावरान कोंबड्यांकडून वर्षाच्या सरासरीने रोज एक अंडं मिळतं. ग्रामप्रिया, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती नीट सांभाळल्या तर १४० ते १८० अंड्यांपर्यंत जातात, म्हणजे पाच कोंबड्यांची रोज दोन अंडी. चौघांच्या घराला पाच-सहा सुधारित कोंबड्या पुरतात. पहिल्याच वर्षी वीस-पंचवीस आणू नका. कोंबड्या वाढल्या की खुराड्यातली ओल वाढते, आणि ओल आवरणं हेच नवख्याला सर्वात अवघड जातं.

गावरान कोंबडी अंडी कमी देते. पण ती चपळ असते, घारीची सावली पडली की झुडपात शिरते, स्वतःचं खाणं बरंचसं स्वतः शोधते आणि स्वतःची पिल्लं स्वतः वाढवते. गिरिराज ही जात बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, तर वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राने. वनराज अंगाने जड असतो. मांस आणि अंडी दोन्हींसाठी तो चांगला, पण पळण्यात मंद. कुत्री-मुंगसांचा वावर असेल तर त्याला कुंपण लागतंच. ज्यांना अंडीच हवीत त्यांनी ग्रामप्रिया घ्यावी, आणि सोबत एक-दोन गावरान कोंबड्या असू द्याव्यात. सुधारित जाती सहसा अंड्यांवर बसत नाहीत, ते काम गावरान करते.

कडकनाथबद्दल खूप विचारणा होते. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, तिथल्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक आहे, पण अंडी मध्यमच देतो आणि उबवायला सहसा बसत नाही. हौस म्हणून एखादी जोडी जरूर पाळा. मात्र ‘पिल्लं आमच्याकडून महाग घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. असल्या योजनांत महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले आहेत.

पिल्लांसाठी आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. पहिल्यांदा पाळणाऱ्याने एक दिवसाची पिल्लं शक्यतो टाळावीत. पाच-सहा आठवड्यांची, सुरुवातीच्या लसी झालेली पिल्लं महाग पडतात, पण ऊब देण्याची सगळी कटकट तिथे संपलेली असते. कोणत्या लसी कधी दिल्या ते विचारून लिहून घ्या.

खुराडं

जागा निवडताना पावसाळ्यातलं पाणी कुठून वाहतं ते आठवा. परसातली सर्वात उंच, निचऱ्याची जागा खुराड्याची. झाडाची सावली दुपारी मिळाली तर उत्तम.

दर कोंबडीमागे रात्रीच्या निवाऱ्यात दोन चौरस फूट धरा. दहा कोंबड्यांना पाच फूट बाय चार फूट पुरतं. उंची मात्र आत वाकून झाडता येईल इतकी हवी. ज्या खुराड्यात माणूस शिरू शकत नाही ते कधीच साफ होत नाही. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन थेट आत येत नाही. याचा दुसरा फायदा कोकणात कळतो: अरुंद बाजू पश्चिमेला येते, आणि पाऊस तर तिकडूनच झोडपतो. तेवढी एक भिंत पूर्ण बंद करून टाका. बाकीच्या तीन बाजूंना खाली फूटभर फळी किंवा वीट, वर जाळी. वारा कोंबडीच्या डोक्यावरून जायला हवा, अंगावरून नाही. छप्पर भिंतीच्या दोन-तीन फूट पुढे काढा. पत्रा असेल तर उन्हाळ्यात त्यावर झावळ्या किंवा पेंढा टाका, नाहीतर आतली हवा भट्टीसारखी तापते. कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर जमीन चार महिने पाझरते. तिथे खुराडं दीड-दोन फूट उंच खांबांवर उचललेलं बरं.

आता जाळी. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती फाडतं, मुंगूस तिच्यातून डोकं घालतं, रात्री उदमांजर पंजा घालून झोपलेल्या कोंबडीचं मुंडकं ओढतं. खालच्या तीन फुटांना तरी अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावाच. जाळीचा तळाचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरा आणि त्यावर दगड-माती घाला. उकरणारं जनावर भिंतीला लागून उकरतं आणि त्याच्या पंजाखाली जाळीच येते. दाराला वर-खाली अशा दोन कड्या लावा. एकाच कडीचं दार खालून वाकतं, आणि मुंगसाला तेवढी फट पुरते.

आत बसायला दांडा हवाच, कारण कोंबडी जमिनीवर झोपणारा पक्षी नाही. दोनेक इंच रुंदीचा, कडा गोल केलेला लाकडी दांडा दोन-तीन फुटांवर आडवा बांधा, दर कोंबडीला आठ इंच जागा मिळेल असा. अंडी घालायचे खोके दांड्यापेक्षा खाली ठेवा. ते उंच असले की कोंबड्या त्यांतच झोपतात आणि अंडी विष्ठेने बरबटतात. फूटभर लांब-रुंद-उंच खोका, आत पेंढा, कोपरा जरा अंधारा. चार-पाच कोंबड्यांना एक खोका पुरतो.

तळाला दोन-तीन इंच गादी घाला. कोकणात भाताचं तूस, देशावर भुईमुगाची टरफलं, सुतारकामाचा जाडसर भुसा, जे सहज मिळेल ते. रोज एकदा ती दाताळ्याने खालीवर करा. आठवड्यातून एकदा मूठभर गादी उचलून घट्ट दाबा आणि मूठ उघडा. भुसा लगेच सुटा झाला तर ठीक. लाडवासारखा गोळा टिकला तर गादी ओली झालीय, ती काढून कोरडी घाला. आत वाकल्यावर नाकाला झोंबणारा वास येत असेल तर तो अमोनिया. तुमच्या नाकाला झोंबतो तेव्हा कोंबड्यांचे डोळे आणि फुप्फुसं आधीच सोसत असतात, आणि सर्दी-खोकल्याचे आजार त्या वाटेनेच घुसतात. या एका सवयीने जितक्या कोंबड्या वाचतात तितक्या कोणत्याही औषधाने वाचत नाहीत, हे मी अगदी ठामपणे सांगू शकतो.

पक्षी आणल्यावर पहिला आठवडाभर त्यांना खुराड्यात किंवा त्याला लागून बांधलेल्या जाळीतच ठेवा. ‘आपलं घर हे’ एवढं त्यांच्या डोक्यात बसलं की पुढे दिवेलागणीला त्या आपणहून आत येतात. तुमचं काम फक्त मोजून दार लावायचं. मोजणं मात्र सोडू नका.

एक दिवसाची पिल्लं आणलीच, तर

अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलक शिल्लक असतो. त्यावर ते दोन दिवस काढू शकतं, म्हणून तर ही पिल्लं खोक्यांतून दूरवर पाठवता येतात. पण स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं. तीन-चार आठवड्यांत, हवामान पाहून, दिवा बंद करता येतो. पहिली बॅच थंडीच्या कडाक्यात किंवा ऐन जुलैत आणू नका. फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर बरा.

पिल्लं येण्याआधी तीन-चार तास जागा गरम करून ठेवा. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं दीड फूट उंच गोल कडं करा. गोलच, कारण चौकोनी खोक्यात गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. आत कोरडी गादी, वर तारेचे जुन्या पद्धतीचे बल्ब. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही, ही गोष्ट दुकानदारही सांगत नाही. वीस पिल्लांना साठ वॅटचे दोन बल्ब टांगा, एक गेला तरी दुसरा जळत राहतो. बल्ब साखळीने किंवा तारेने पक्का बांधा. विजेच्या वायरीला लोंबकळणारा बल्ब भुशात पडला की आग लागते. वीज जाण्याची सोय म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या किंवा छोटं मडकं गोणपाटात गुंडाळून आत ठेवायची तयारी असू द्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्या वायूने पिल्लंही मरतात आणि माणसंही.

थर्मामीटर नसेल तरी पिल्लं स्वतः सांगतात. सगळी दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजतेय, दिवा खाली घ्या. दिव्यापासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून पडली असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. पसरलेली, खातपीत फिरणारी, मध्येच डुलकी काढणारी पिल्लं म्हणजे सगळं ठीक.

आल्या आल्या आधी पाणी द्या. लिटरभर कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवा आणि प्रत्येक पिल्लाची चोच एकदा त्यात बुडवा, मग ते शिकतं. भांडं उथळ हवं. त्यात गोटे टाका म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. पहिले काही तास कागदावर मक्याचा बारीक भरडा किंवा कणी, त्यानंतर पिल्लांचं तयार खाद्य, ज्याला चिक स्टार्टर म्हणतात. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवलेली पिल्लं जगली तरी खुरटतात. गुळगुळीत कागद मात्र दिवसभरात काढून टाका, घसरून त्यांचे पाय फाकतात. शेपटीखाली विष्ठा वाळून चिकटली असेल तर ओढू नका, कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा.

लसी

मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. उत्तराखंडातल्या राणीखेतवरून हे नाव पडलं. हा आजार आला की मान पिरगळते, हिरवट पातळ विष्ठा होते, आणि दोन-चार दिवसांत वाडीतली बहुतेक खुराडी रिकामी होतात. यावर औषध नाही, लस आहे. साधारण क्रम असा: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या आजाराची लस. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, पिण्याच्या पाण्यातून. सहा ते आठ आठवड्यांना देवीची लस, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी हे राणीखेतचंच इंजेक्शन. तुमच्या भागातल्या साथीप्रमाणे यात फरक पडतो, म्हणून पशुवैद्यकांकडून तारखा पक्क्या करून घ्या.

लस वाया जाण्याची कारणं ठरलेली आहेत. ती बर्फात आणावी लागते. पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लशीतल्या विषाणूला मारतं, तेव्हा विहिरीचं स्वच्छ पाणी वापरा आणि लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. लस पाजण्याआधी दीड-दोन तास पाण्याची भांडी उचलून ठेवा, म्हणजे तहानलेले पक्षी ती लगेच पितात. आजारी पक्ष्याला लस देऊ नका. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. दहा कोंबड्यांसाठी कुपी फोडणं जिवावर येतं आणि त्यामुळेच अनेक जण लस टाळतात. वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवा. खर्च वाटला जातो आणि साथीला गावात शिरायला फटही कमी राहते.

खाणं-पाणी

पूर्ण बंद ठेवलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. मोकळी फिरणारी कोंबडी त्यातलं निम्म्याच्या आसपास स्वतः मिळवते: किडे, वाळवी, गांडुळं, गवताचं बी, कोवळा पाला. तिला सकाळी मूठभर आणि संध्याकाळी जरा जास्त दाणे द्या. संध्याकाळचा दाणा नेहमी खुराड्याजवळ, एकाच वेळी, एकच हाक देऊन टाका. त्या हाकेवर कोंबड्या कुठूनही धावत येतात, आणि अचानक पाऊस आला किंवा कुत्रं दिसलं तर हीच हाक कामी येते.

मका, ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यांतून ताकद मिळते, पण अंड्याला प्रथिनं आणि चुना म्हणजे कॅल्शियमही लागतं. प्रथिनांसाठी शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, सुकटीची चुरी, शेवग्याचा पाला, पाण्यावर तरंगणारी ॲझोला ही वनस्पती. वाळवी हवी असेल तर जुन्या मडक्यात ओलं गोणपाट, शेण आणि काड्या भरून ते वारुळाजवळ रात्रभर उपडं ठेवा. सकाळी मडक्यात वाळवी जमलेली असते. चुन्यासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, कोंबड्या हव्या तेवढ्याच खातात. अंड्यांची टरफलं वापरायची तर भाजून किंवा कडक उन्हात वाळवून बारीक कुटा. अर्धवट फुटलेली टरफलं टाकली की त्यांना स्वतःचीच अंडी फोडायची चटक लागते, आणि ती सोडवणं फार कठीण. शिवाय कोंबडीला दात नसतात. दाणा पोटात बारीक खड्यांनी भरडला जातो, म्हणून बंद ठेवलेल्या कोंबड्यांना जाडसर वाळू द्या.

घरातला उरलेला भात, भाकरी, भाज्यांची देठं, कलिंगडाच्या साली खुशाल द्या. खारट पदार्थ, लोणचं, चॉकलेट, बटाट्याच्या हिरव्या साली, कच्चे राजमा-वाल नकोत. सर्वात महत्त्वाचं म्हणजे बुरशी आलेलं काहीही नको. ‘कोंबड्यांना चालतं’ म्हणून पावसाळ्यात कुबट मका किंवा काळे पडलेले शेंगदाणे त्यांच्यापुढे टाकले जातात. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीचं यकृत निकामी करतं, आणि त्याचा थोडा अंश अंड्यातही उतरू शकतो. खाद्याचं पोतं भिंतीपासून वीतभर दूर, फळीवर ठेवा आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच आणा.

पाणी रोज बदला आणि भांडं आतून हाताने घासा. हाताला बुळबुळीत लागतं तो जंतूंचा थर असतो, नुसतं विसळून तो जात नाही.

रोजची नजर

कोंबडी आजार लपवते. अशक्त दिसणाऱ्या पक्ष्याला बाकीच्या टोचतात आणि शिकारी आधी हेरतो, म्हणून ती शेवटपर्यंत दाणे टिपल्याचं सोंग करते. सकाळी दार उघडताना दोन मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. शेवटी कोण बाहेर आली? पिसं फुगवून, मान आत ओढून कोण उभी आहे? तुरा लाल आहे की फिकट, काळसर? दांड्याखालची रात्रीची विष्ठा कशी आहे? जी वेगळी दिसते तिला त्याच वेळी बाजूला ठेवा, रोगाचं निदान नंतर होईल.

तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत रक्ताळलेली विष्ठा दिसली की ती बहुधा रक्ती हगवण. ओल्या गादीत तिचे जंतू वाढतात. लवकर पाण्यातून औषध दिलं तर पिल्लं वाचतात, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि गादी पूर्ण बदला. पावसाळ्यात आणि त्यानंतर डासांमुळे देवी पसरते, तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खपल्या येतात. जंतांचं औषध साधारण तीन महिन्यांनी द्यावं लागतं. ते देताना किती दिवस अंडी खायची नाहीत ते विचारून घ्या. कोणत्याही औषधाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायचाच. माणसांच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या चुरून पाण्यात टाकण्याची पद्धत गावोगाव आहे, ती कृपया बंद करा.

उवा-गोचिडांसाठी कोंबडीचा स्वतःचा उपाय म्हणजे धुळीची आंघोळ. छपराखाली एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती भरून ठेवा. तिथे त्या लोळतील. काही परजीवी दिवसा दांड्याच्या भेगांत लपतात आणि रात्री रक्त पितात. तुरे फिके पडले आणि दिवसा काही सापडत नसेल तर रात्री टॉर्च घेऊन दांड्याची खालची बाजू तपासा. दांडे बाहेर काढून त्यांवर उकळतं पाणी ओता, कडक ऊन दाखवा आणि भेगा चुन्याने बुजवा.

बाहेरून आणलेला नवा पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवा. आठवडी बाजारातून परत आलेली, न विकली गेलेली कोंबडीसुद्धा नवीच समजा.

एकाच वेळी बरेच पक्षी अचानक मेले, तुरे निळसर झाले, तोंडं सुजली, तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, कापून खाऊ नका, नदी-नाल्यात टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यातही तो सापडला. खबर लपवली तर नुकसान सगळ्या पंचक्रोशीचं होतं. साध्या कारणाने एखादी मेली तर तीन-चार फूट खोल, विहिरीपासून दूर, चुना घालून पुरा.

उन्हाळा

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. विदर्भ-मराठवाड्यात, खानदेशात पारा चाळिशीपार गेला की दुपार जीवघेणी ठरते. खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच द्या, कारण पचनाने अंगात उष्णता वाढते. दुपारी सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीच्या भांड्यांत गार पाणी ठेवा. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा, पण गादी भिजू देऊ नका. या दिवसांत अंड्याचं कवच पातळ होतं. सतत धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं. तेव्हा पातळ कवच दिसलं की चुना वाढवण्याइतकंच सावली वाढवणंही गरजेचं.

अंडी

सुधारित तलंगा पाच महिन्यांच्या सुमारास अंड्यावर येतात, गावरान सहा-सात महिन्यांना. पहिली अंडी लहान, कधी बिनबलकाची असतात, त्यात काळजीचं काही नाही. वर्षातून एकदा कोंबडी पिसं टाकते आणि त्या दीड-दोन महिन्यांत अंडी थांबतात. नवखे लोक नेमकी तेव्हा ती कापून टाकतात. थोडं थांबा, प्रथिनं वाढवा, पिसं आली की अंडी सुरू होतात. दिवस लहान झाले की अंडी घटतात ती उजेडामुळे, चौदा-सोळा तास उजेड मिळाला तर ती टिकून राहतात.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. साठून राहिलेल्या अंड्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. अंड्यावर एक नैसर्गिक पातळ आवरण असतं, ते जंतूंना आत शिरू देत नाही. म्हणून ठेवताना अंडी धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा, आणि वापरायच्या वेळीच धुवा. कोंबड्यांना हात लावल्यावर मुलांचे हात साबणाने धुवायला लावा, अंडी नीट शिजवून खा. आडोशाला दहा-बारा अंडी सापडली आणि किती दिवसांची ते कळत नसेल तर पाण्यात सोडून पाहा. तळाशी आडवं बसलेलं ताजं, उभं राहिलेलं जुनं, तरंगणारं टाकून द्यायचं.

खुडूक झाली तर

खुडूक, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने बसलेली कोंबडी खोक्यातून उठत नाही, जवळ गेलं की पिसं फुगवून गुरगुरते. पिल्लं हवी असतील आणि कळपात कोंबडा असेल तर ही उत्तम संधी. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची दहा-बारा अंडी घ्या आणि रात्री अंधारात तिच्याखाली सरकवा. जवळच दाणा-पाणी ठेवा. दिवसातून एकदा ती उठेल, तेवढं तिला उठू द्या. सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरून पाहा. आत कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्या तर जीव धरलाय, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. त्या दिवशी कोंबडीला हलवू नका आणि कवचात अडकलेलं पिल्लू घाईने सोडवू नका, कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकायला वेळ लागतो.

पिल्लं नको असतील तर तिला तळाशीही जाळी असलेल्या, हवेशीर पिंजऱ्यात दाणा-पाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाखालून वारा लागला की खुडूकपणा उतरतो. पाण्यात बुचकळणं किंवा नाकात पीस खुपसणं हे दोन्ही उपाय क्रूर आहेत, आणि त्यांची गरजही नाही.

खत आणि बाग

कोंबड्यांना भाजीच्या वाफ्यांत मोकळं सोडू नका. रोपं उकरायला त्यांना दहा मिनिटंही लागत नाहीत. उलट पीक निघालेल्या वाफ्यात आठवडाभर सोडल्या तर अळ्या, कोश, तणाचं बी सगळं वेचून काढतात. आंबा, नारळ, केळीखाली त्यांना वर्षभर फिरू द्या, फक्त कोवळ्या रोपांभोवती जाळी किंवा दगड लावा.

काढलेली गादी थेट झाडाच्या बुंध्याशी घालू नका. ताज्या कोंबडी खतात नत्र इतकं तीव्र असतं की मुळं जळतात. खड्ड्यात एक थर गादी, दोन थर वाळका पाला असं रचा, ओलसर ठेवा आणि महिन्यातून एकदा उलटा. अडीच-तीन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं. वांगी, मिरची, दुधी यांना रोपामागे मूठ-दोन मुठी पुरे. मेथी-पालकासारख्या जमिनीलगतच्या आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र पूर्ण कुजलेलंच खत घाला, आणि तेही पेरणीआधी मातीत मिसळून.